हिरव्या दारासाठी प्रार्थना

रजईचे दोन कोपरे खोळीत गेले होते आणि दोन बाहेर लोंबत होते, तेवढ्यात दाराची घंटा वाजली. रजईला खोळ चढवायची माईकबाईंची रीत अशी, की आधी स्वतः खोळीत शिरायचं, आतून कोपरा पकडायचा आणि उलट पावली बाहेर यायचं. त्यामुळे घंटा वाजली तेव्हा त्या अर्ध्या आत होत्या. "आले, आले," असं त्या म्हणाल्या तेही खोळीतच राहिलं.

दारात दूधकेंद्रवाली उभी होती. माईकबाईंच्या नणंदेच्या गल्लीच्या तोंडाशी हिचं दूधकेंद्र. स्वभावाने मोकळी, तोंडाने त्याहून मोकळी. तिने उभ्याउभ्याच काम सांगून टाकलं. गुडघा फार धरला होता, जिना चढताना जीव जात होता, तर उद्याच्या प्रार्थनेत तेवढा गुडघा घ्यावा. माईकबाईंना यात नवीन काही नव्हतं. लोक त्यांच्याकडे गुडघे, परीक्षा, अडलेली बाळंतपणं आणि रुसलेले जावई घेऊन येतच असत. घेते की, त्यात काय, असं त्या म्हणाल्या. दूधकेंद्रवाली वळली, दोन पायऱ्या उतरली आणि पुन्हा थांबली.

"एक करा मात्र, माईकबाई. माझं केंद्र कुठंय ते सांगू नका. नुसता गुडघा म्हणा. कुणाचाही असू दे."

"का गं?"

"का म्हणजे? गिऱ्हाईक म्हणेल, हिला धड उभं राहवत नाही, ही दूध काय देणार. त्या हिरव्या दारासारखं नको व्हायला माझं."

हिरवं दार म्हणजे नणंदेचंच, तिच्या शिवणकामाच्या खोलीचं दार. तिथे काय झालं, हे माईकबाईंनी विचारलं आणि दूधकेंद्रवालीच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं की हे त्यांना ठाऊक नसेल अशी तिला कल्पनाच नव्हती. मग तिने हळूहळू सांगितलं. नवरीची आई लग्नाच्या पोशाखाचं कापड परत घेऊन गेली. शाळेच्या बँडपथकाचे पोशाख दुसरीकडे गेले. पडदेवाल्यांनी पडदे नेले. भांडलं कुणीच नाही. उलट सगळे गोड बोलले, आता तुम्ही जरा विश्रांती घ्या, आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतोच आहोत, असं म्हणाले आणि कापडाची पिशवी काखोटीला मारून निघून गेले.

दूधकेंद्रवाली गेली. माईकबाई खोलीत आल्या आणि अर्धवट खोळीवरच बसल्या.

माईकबाई हे नाव त्यांना बसस्थानकाने दिलं होतं. नोकरीची सगळी वर्षं त्या तिथे घोषणा करायच्या. चौकशीच्या खिडकीमागे काचेची एक लहानशी खोली होती. तीत एक टेबल, एक पंखा, जो माईक चालू असताना बंद ठेवावा लागे, आणि लाल बटणाचा माईक. बटण दाबायचं, एक श्वास घ्यायचा आणि सुरू करायचं: कृपया इकडे लक्ष द्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल, कुठली उशिरा धावते आहे, हे सगळं त्या एकाच पट्टीत सांगत, आणि प्रत्येक घोषणा दोनदा करत. पहिली कानावर पडते आणि दुसरी डोक्यात जाते, असं त्यांचं मत होतं. घरी चहाला हाक मारायची तरी दोनदा मारत.

पण त्यांचं खरं नाव झालं ते हरवलेल्या माणसांमुळे. दुसरं कुणी माईकवर असलं तर एक वृद्ध गृहस्थ चुकले आहेत, एवढं सांगून मोकळं व्हायचं. माईकबाई आधी रडणाऱ्या नातेवाइकांना खुर्चीत बसवत, पाणी देत आणि मग एकेक विचारत: पायात काय आहे, खिशात काय ठेवतात, हाक मारली तर कुठल्या कानाने ऐकतात. मग त्यांच्या घोषणेतून तो माणूस अख्खा उभा राही. एका पायात निळ्या पट्ट्याची चप्पल, दुसऱ्यात काळ्या पट्ट्याची, बगलेत छत्री, डाव्या बाजूने बोलावं. आणि माणूस सापडे. कुणीतरी त्याच्या डाव्या बाजूने बोलून त्याला खिडकीशी घेऊन येई. तो आपल्या माणसांत जाई आणि माईकबाई काचेच्या खोलीत एकट्याच हात जोडत. तेव्हापासून त्यांची श्रद्धा अशी बसली होती की देवाला सगळं कळतं हे खरं, पण त्यालाही खाणाखुणा नीट सांगितलेल्या बऱ्या.

नोकरी संपली आणि तो आवाज घरात मावेना. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, तिथे फलाट किती आणि गाड्या किती. सुनेच्या हे लक्षात आलं. तिने सासूच्या फोनवर सकाळच्या प्रार्थनेचा एक गट करून दिला आणि आवाज कसा भरायचा ते शिकवलं. बटण दाबून धरायचं हे ऐकताच माईकबाई म्हणाल्या, एवढंच ना, हे तर मी जन्मभर केलंय.

तेव्हापासून रोज सकाळी आंघोळ झाली की त्या देवापाशी बसत. फोन हातात घेतला की त्यांचे यजमान उठून पंखा बंद करत. सुरुवात जुन्याच शब्दांनी होई, कृपया इकडे लक्ष द्या. हे तू देवाला सांगतेस की लोकांना, असं यजमानांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. ज्याचं लक्ष नाही त्याला, असं उत्तर मिळाल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मग प्रार्थना, आणि तिच्यामागून लोकांच्या विनंत्या. विनंत्या दोनदा.

आधी गटात नातेवाईक होते. मग स्टँडवरचे चालक-वाहक आले, त्यांच्या घरची माणसं आली, मग त्यांचे शेजारी. गट भरला म्हणून सुनेने दुसरा केला. इस्पितळात रात्रीची राखण करणारा एक पहारेकरी पाळी संपवून घरी जाताना ही प्रार्थना ऐके. एका वाहकाची बायको मुलगा गेल्यापासून अंथरुणातून उठत नव्हती. तिने कळवलं, तुम्ही लक्ष द्या म्हणता तेव्हा मी उठून बसते. माईकबाईंनी तो निरोप यजमानांना वाचून दाखवला. आपल्या हातून देव एवढं करून घेतो म्हणजे काय, हे त्यांना पेलत नव्हतं.

नणंदबाईही गटात होत्या. यजमानांची ही थोरली बहीण. लग्न केलं नाही. पुढच्या खोलीत शिवणकाम, मागच्या खोलीत बिऱ्हाड, आणि रस्त्यावर उघडणारं ते हिरवं दार. अख्ख्या भागातल्या लग्नाळू मुली त्यांच्या कात्रीखालून गेलेल्या. बाई करारी. देवावर विश्वास पक्का, पण त्याचा बोभाटा नाही. माझं आणि त्याचं बोलणं आहे, मध्ये माणसं नकोत, असं म्हणायच्या. भावजयीच्या प्रार्थनेला रोज हात जोडलेलं चित्र पाठवायच्या, वर एक अक्षर नाही.

अशा वन्सं एका दुपारी न सांगता आल्या, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या आणि त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. हात थरथरत होता. टेबलावरच्या बशीत चमचा होता, तो बारीक वाजू लागला, तेव्हा वन्संनी डाव्या हाताने बशी बाजूला सरकवली.

"तुझं ऐकतो म्हणतात देव. माझ्यासाठी माग काहीतरी," एवढंच त्या म्हणाल्या. चहा घेतला आणि गेल्या.

एवढ्या वर्षांत वन्संनी आपल्याकडे पहिल्यांदा काही मागितलं, या एका गोष्टीने माईकबाईंचं मन भरून आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपल्या आयुष्यातली सगळ्यात चांगली घोषणा केली. नाव घेतलं नाही. नाव घ्यायचं नाही हा त्यांचा नेमच होता.

"कृपया इकडे लक्ष द्या. दूधकेंद्राच्या गल्लीत, हिरव्या दाराच्या घरात, आपली एक भगिनी जन्मभर कापड बेतत आली आहे. तिच्या उजव्या हाताला, कात्री धरणाऱ्या हाताला, कंप सुटला आहे. तो हात स्थिर व्हावा म्हणून सर्वांनी प्रार्थना करावी."

आणि पुन्हा एकदा, तेच, त्याच पट्टीत.

त्या दिवशी जोडलेल्या हातांची रीघ लागली. अनोळखी लोकांनी ती घोषणा आपापल्या माणसांना पुढे धाडली. त्या रांगेत वन्संचेही हात होते, नेहमीसारखे, वर एक अक्षर नाही. ते बघून माईकबाईंना वाटलं, पोचलं. त्यानंतर वन्सं आल्या नाहीत, पण लग्नसराईत त्या कधीच येत नसत.

आता अर्धवट खोळीवर बसून त्यांना ती घोषणा आपल्याच आवाजात ऐकू येत होती. दूधकेंद्राची गल्ली. हिरवं दार. उजवा हात. आता नाव घ्यायचं राहिलं तरी काय होतं.

यजमान गॅलरीत कुंडीतली माती उकरत होते. निवृत्त कारकून, बोलणं कमी आणि तेही मातीकडे बघून. माईकबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी खुरपं खाली ठेवलं. त्यांना त्याच दिवशी खटकलं होतं म्हणे, ताईचं असं नको होतं सांगायला.

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या आवाजात एवढा आनंद होता," ते म्हणाले. "आणि माझी नोकरी पंखा बंद करायची. घोषणा बघायची नाही."

माईकबाईंना राग यायला हवा होता, पण आला नाही. रागावण्यासारखं माणूस एकच होतं आणि ते त्या स्वतःच होत्या.

स्टँडवर चुकीची घोषणा झाली तर त्यावर उपाय होता. सुधारित घोषणा करायची. मागील घोषणा रद्द समजावी. त्या उठल्या, देवापाशी बसल्या, फोन घेतला. यजमान हात पुसत आत आले आणि त्यांनी पंखा बंद केला. माईकबाईंनी बटण दाबलं, श्वास घेतला. कृपया इकडे लक्ष द्या. हिरव्या दाराच्या घरातील आपल्या भगिनीचा हात आता पूर्ण बरा... आणि त्या अडकल्या. हात बरा झाला होता का, हे त्यांना कुठे माहीत होतं. देवासमोर बसून, देवाचं नाव घेऊन, एवढ्या लोकांना खोटं सांगायचं, तेही वन्संचं भलं व्हावं म्हणून. त्यांनी बोट उचललं आणि भरलेलं पुसून टाकलं. यजमानांनी पंखा पुन्हा लावला.

मग त्यांनी रजई खोळीतून ओढून काढली. खोळ वन्संनीच शिवलेली होती. रजई गोळा होऊ नये म्हणून आतून चारही कोपऱ्यांना बांधायचे बंद होते. त्यातला एक केव्हाचा तुटला होता. माईकबाईंनी खोळीची घडी केली, काखेत धरली आणि चपला घातल्या. आज आम्ही उघड्या रजईत झोपायचं का, असं यजमानांनी विचारलं. झोपा, काही होत नाही, असं त्या जिन्यातून म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या.

हिरवं दार एरवी दिवसभर उघडं असे. आज लोटलेलं होतं. वन्संनी ते उघडलं, ये म्हणाल्या आणि पाठ फिरवून आत गेल्या.

कापड बेतायचं ते लांब टेबल एवढं मोकळं माईकबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. त्याचं लाकूड कसं आहे हेच त्यांना आज कळलं. मधोमध वर्षानुवर्षांच्या खडूने पांढुरकं, कडेला कात्रीच्या बारीक ओरखड्यांनी भरलेलं. गिऱ्हाइकांच्या पिशव्या लटकवायच्या खुंट्या रिकाम्या. मशीनवर आच्छादन. वन्सं खिडकीशी बसून बटणं निवडत होत्या, पांढरी एका डब्यात, दुधी दुसऱ्यात. उजवा हात मांडीवर होता आणि हलत होता. निवडत होता तो डावा.

"आज माईक घरी ठेवून आलीस?"

माईकबाईंनी वाटेत पुष्कळ जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काही आठवेना.

"चुकलं माझं, वन्सं."

"बस. उभ्याने बोलायला हा काही स्टँड नाही."

त्या बसल्या. वन्संनी आणखी चार बटणं निवडली. मग डब्याचं झाकण लावून त्या बोलू लागल्या, आवाज न चढवता, कापडाची लांबी सांगावी तशा.

"मला देवाकडे थेट जाता येत नव्हतं का? रोज जाते. पण एकटीने मागून मागून थकले, म्हटलं सोबतीला कुणीतरी असावं. एक माणूस, वहिनी. तू सगळा स्टँड घेऊन आलीस."

माईकबाईंनी खोळीची घडी मांडीवर सारखी केली. मग त्यांच्या मनात अडकून बसलेलं त्यांनी विचारलं. वन्संना एवढं लागलं होतं, तर त्यांनी त्या दिवशी हात का जोडले.

"सगळ्यांनी जोडले होते," वन्सं म्हणाल्या. "मी एकटीनेच जोडले नसते तर लोकांना कळलं असतं ना, दार कुणाचं ते."

आणि त्या हसल्या. हसण्यासारखं काही नव्हतं, म्हणूनच बहुतेक. लोकांना कळायचं ते पहिल्या ओळीतच कळलं होतं. माईकबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा वन्सं म्हणाल्या, ते त्या खोळीला पूस नाहीतर मला दे, काय आणलंयस ते.

तुटलेला बंद बघून त्यांनी जिभेने चकचक केलं. मधल्या काळात माईकबाईंनी तिथे घातलेले आडवेतिडवे टाके त्यांनी नखाने उसवले आणि हे काम कुठल्या उंदराचं, असं विचारलं. मग सुई घेतली, दोरा घेतला. मांडीवरचा उजवा हात उचलला तेव्हा तो थरथरत होता. बोटांनी सुई धरली आणि तो थांबला. पहिल्याच खेपेला दोरा नेढ्यातून गेला. टाका पडला, दुसरा पडला, सगळे सारखे, माईकबाई बघतच राहिल्या.

"बघतेस काय. रिकामा असला की हलतो. काम दिलं की गप्प बसतो. डॉक्टर म्हणाले, या दुखण्याची सुरुवात अशीच असते. औषध चालू आहे. पुढे कामातही हलेल कदाचित. आज हलत नाही."

"मग कात्री? कात्री चालते?"

वन्संनी टाका ओढून घट्ट केला.

"हे तेव्हा विचारलंस का? गाडी उशिरा आहे एवढं सांगायलासुद्धा तुला साहेबांची चिठ्ठी लागायची. चिठ्ठी नाही तर घोषणा नाही, किती मिरवायचीस. माझ्या हाताला मात्र चिठ्ठी लागली नाही तुला."

ते खरं होतं. परक्या माणसाचा कुठला कान ऐकतो हे विचारणाऱ्या माईकबाईंनी वन्संना काहीच विचारलं नव्हतं. हात केव्हा हलतो, केव्हा नाही, दुखतो का, झोप लागते का, आणि हे चारचौघांत सांगू का. वन्संनी मागितलं या आनंदातच त्या उठल्या होत्या आणि बटण दाबलं होतं.

उद्या सगळ्यांना खरं काय ते सांगते, काम करताना हात हलत नाही असं सांगते, असं त्या घाईने म्हणाल्या. वन्संनी मान हलवली. नको. बरी म्हणूनही नको आणि आजारी म्हणूनही नको. तू पुन्हा दोनदा सांगशील आणि लोक पुन्हा दोनदा माझ्या हाताकडे बघतील. नवरीची आई यायची तर येईल, नाही यायची तर नाही.

दोरा दाताने तोडून त्यांनी खोळ परत दिली. माईकबाई दारापर्यंत गेल्यावर मागून त्यांचा आवाज आला.

"उद्या दुपारी ये. दूधकेंद्रवालीचा झगा बेतायचाय. कापड धरायला माणूस लागेल."

सगळी गिऱ्हाइकं गेली तरी तेवढी एक गेली नव्हती. कामावर घालायच्या झग्याचं जाडंभरडं कापड तिने परत नेलं नाही. वाकडा झाला तरी मला त्यात दूधच विकायचंय, असं ती म्हणाली होती म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी माईकबाई देवापाशी बसल्या. पंखा बंद झाला. प्रार्थना नेहमीची झाली. विनंत्यांची वेळ आली तेव्हा त्यांनी सांगितलं, आजपासून मी कुणाच्या खाणाखुणा सांगणार नाही. ज्याला ज्याच्यासाठी मागायचंय त्याने मनात मागावं. मी थांबते. आणि त्या थांबल्या. बटणावरचं बोट न उचलता गप्प बसल्या. त्यांच्या आयुष्यात माईक चालू असताना अशी शांतता कधी झाली नव्हती. यजमान पंख्याच्या बटणाशी उभे होते ते हलले नाहीत. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता, तेवढा आवाज गेला असेल. मग त्यांनी बोट उचललं. हे दोनदा केलं नाही.

थोड्याच वेळात निरोप यायला लागले. बाई, मध्येच आवाज गेला. ताई, नेट गेलं का तुमचं. एका वाहकाने विचारलं, गाडी बंद पडली होती काय. माझा फोन बिघडला वाटतं, असं म्हणून एकीने तो मुलाकडे तपासायला दिला होता. दूधकेंद्रवालीने लिहिलं, गुडघा घेतलात ना, ऐकू आला नाही. माईकबाईंनी कळवलं, घेतला. पहारेकऱ्याचा निरोप सगळ्यात शेवटी आला. मधल्या वेळेत त्याला बसमध्ये डोळा लागला होता आणि अशी झोप पुष्कळ दिवसांत लागली नव्हती. उद्याही थांबाल का, असं त्याने विचारलं होतं.

वन्संचे हात नेहमीच्या वेळी आले. वर एक अक्षर नाही. माईकबाईंनी फोन पालथा ठेवला आणि रजईचे चारही कोपरे खोळीत बांधून टाकले.

दुपारी हिरवं दार अर्धं उघडं होतं. टेबलावर निळं जाड कापड पसरलेलं होतं, त्यावर खडूच्या रेघा. वन्संनी समजावलं की कात्री चालते तोवर सगळं ठीक असतं, पण कापड पुढे सरकवायला हात मोकळा केला की तो हलतो आणि रेघ हलते. तेव्हा वहिनींनी दोन्ही तळवे इथे आणि इथे दाबून धरायचे.

"आणि बोलायचं नाही. आज सकाळी बरं बोललीस, तसंच."

माईकबाईंनी तळवे दाबले. वन्संनी मोठी कात्री उचलली. उचलेपर्यंत ती त्यांच्या हातात किणकिणत होती. कापडात शिरली आणि गप्प झाली. कर्र कर्र करत रेघेवरून निघाली. माईकबाई त्या हाताकडे इतक्या जवळून कधीच बघत उभ्या राहिल्या नव्हत्या. त्यांनी मनात मागितलं. गल्ली सांगितली नाही, दार सांगितलं नाही, कुठला हात तेही सांगितलं नाही. ज्याच्याकडे मागायचं तो तिथेच होता, टेबलाच्या या बाजूला किंवा त्या बाजूला, आणि ऐकत होता.

बाही संपेस्तोवर कात्री नीट गेली. मग गळ्याच्या वळणावर तिने कापड चावलं. वन्संनी पाती उघडून अंगठा फिरवला. धार गेली होती. एरवी वन्सं ती वेळोवेळी लावून आणत, पण घोषणेनंतर एकदाच गेल्या आणि पुन्हा गेल्या नाहीत. धारवालाही गटात होता. त्या एका खेपेला त्याने कात्रीच्या आधी त्यांच्या हाताकडे पाहिलं होतं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं होतं. हे सांगताना वन्संनी नजर कापडावर ठेवली होती.

ही कात्री वन्संनी कधी कुणाच्या हातात दिली नव्हती. लहानपणी तिला नुसतं बोट लावलं म्हणून यजमानांच्या पाठीत धपाटा बसला होता, आणि ते अजून तो धपाटा सांगत. वन्संनी खुंटीवरचं फलालीनचं फडकं काढलं, कात्री त्यात गुंडाळली, वरून नाडी बांधली. गाठ मारून होताच त्यांचा हात पुन्हा हलू लागला. या खेपेला त्यांनी तो मांडीवर लपवला नाही, टेबलावरच राहू दिला.

"पाती वेगळी करू देऊ नकोस त्याला. आणि उलट्या फिरणाऱ्या दगडावर धार नको म्हणावं."

"आणखी काही सांगू?"

"काही नाही. कात्री दे, धार लावून घे, परत आण."

माईकबाईंनी पुडकं दोन्ही हातांनी घेतलं. निळं कापड तसंच टेबलावर होतं, गळ्याच्या वळणापर्यंत कापलेलं, आणि वन्सं त्यावर लोखंडी पट्टी ठेवून रेघ धरून ठेवत होत्या. धारवाला पाचला दुकान बंद करतो. माईकबाई गल्लीतून निघाल्या, दूधकेंद्रावरून हाक आली तरी थांबल्या नाहीत. आधी त्यांना कात्रीला धार लावून आणायची होती.